डिस्चार्ज बुकात मेडलची नोंद राहून गेली असेल तर

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत क्लार्क म्हणून नोकरी केली. पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या बदलांची लेखी ऑर्डर) काढणं आणि शीट रोलवर (जवानाच्या सेवेच्या नोंदींचा कागद) नोंदी चढवणं हेच माझं काम होतं. पेन्शनवर आल्यापासून आमच्या भागातले माजी सैनिक आणि वीरपत्नी कागद घेऊन घरी येतात. कुणी कंग्राळीचं, कुणी येळ्ळूरचं, कुणी खानापूरच्या रानातल्या वाडीवरचं. पेन्शनचे प्रश्न बहुतेकांना सोडवता येतात. मेडलची नोंद राहून गेली असेल तर मात्र अर्ज कुणाकडे आणि काय लिहून करायचा हे कळत नाही, म्हणून लोक विषय सोडून देतात. तो सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. हे मेडल त्या माणसाच्या सेवेचं आहे आणि त्याची नोंद सरकारी दप्तरात असलीच पाहिजे.

आधी डिस्चार्ज बुक (डिस्चार्जच्या वेळी मिळणारं सेवेचं पुस्तक) काढा आणि मेडलचा रकाना वाचा. या बुकात सैनिकाचा आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख असते. या पाच गोष्टी एका कोऱ्या कागदावर स्वच्छ लिहून घ्या. सगळ्यांत मोलाचा तो नंबर. नंबराच्या शेवटी इंग्रजी अक्षर असेल तर तेही उतरवा. मी सेवेत असताना बघितलंय, एक आकडा चुकला की ऑर्डर दुसऱ्याच जवानाच्या नावावर चढते आणि खऱ्या माणसाचा रकाना रिकामा राहतो. नोंदी राहून जाण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे बदली. जवान हॉस्पिटलात, कोर्सवर किंवा पलटणीबाहेरच्या ड्यूटीवर असतो, मागे पलटण यादी पाठवते आणि त्या यादीत त्याचं नाव येत नाही.

आता आपली तक्रार नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा. इथं गोंधळ झाला की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. मेडल घरात आहे, पण कागदावर नाही, हा एक प्रकार. कागदावर आहे, पण मेडल कधी हातातच आलं नाही, हा दुसरा. मेडलही नाही आणि नोंदही नाही, पण त्या काळातल्या सेवेवरून हक्क बसतो, हा तिसरा. आणि शौर्य पदक मिळालंय, पण पीपीओत (पेन्शनच्या आदेशपत्रात) त्याचा भत्ता नाही, हा चौथा. चौथ्यात दरमहाच्या पैशाचा प्रश्न आहे, त्याबद्दल पुढं लिहितो.

तिसऱ्या प्रकारात हक्क नीट तपासल्याशिवाय अर्ज लिहू नका. १९६५ च्या लढाईसाठी रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार आहेत. १९७१ साठी संग्राम मेडल, पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार. त्यानंतर स्वातंत्र्याच्या २५ व्या, ५० व्या आणि ७५ व्या वर्षाची मेडलं आली, ती त्या-त्या वेळी सेवेत असलेल्यांना. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची मेडलं वेगळी. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल, त्यानंतर ऑपरेशन पराक्रम मेडल. सियाचिन आणि उंचावरच्या ड्यूटीची आणखी निराळी.

यात स्टार आणि मेडल यांतला फरक ध्यानात ठेवा. संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या बहुतेकांना मिळालं. स्टार मात्र प्रत्यक्ष लढाईच्या इलाख्यात असलेल्यांना. डिसेंबर १९७१ मध्ये जो इथं बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरुटांना शिकवत होता, त्याला संग्राम मेडल बसतं, स्टार बसत नाही. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, तेव्हा पूर्वेला जमालपूरला लढली. तिच्यासोबत गेलेल्याला पूर्वी स्टार बसतो. पण त्यातलाच एखादा त्या दिवसांत सुट्टीवर गावी आला असेल, तर नुसतं पलटणीचं नाव पुरत नाही. अमुक तारखेला हा माणूस तिथं होता का, एवढंच रेकॉर्ड ऑफिसवाले, म्हणजे सैनिकांचं दप्तर सांभाळणारे, बघतात. त्यामुळं अर्जात "माझी पलटण लढाईत होती" असं न लिहिता "या तारखेपासून या तारखेपर्यंत मी या कंपनीत, या ठिकाणी होतो" असं लिहा.

मेडल घरात असेल तर ते उजेडात धरून त्याची कड बघा. गोल मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत उमटवलेलं असतं; स्टार असेल तर पाठीमागची बाजू बघा. भिंग घ्या, नाहीतर मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा करा. या फोटोइतका चांगला पुरावा दुसरा नाही. आणि एक कळकळीची विनंती, मेडल चिंचेनं किंवा पावडरनं घासू नका. दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर सासऱ्यांची मेडलंही लखलखीत करणाऱ्या सुना मी पाहिल्यात. त्यांचं प्रेम खरं आहे, पण कडेवरची अक्षरं झिजली की पुरावाच जातो. कडेवर काहीच नसेल तर ते बहुधा दुकानातून घेतलेली नक्कल असेल. मूळ मेडल यायला उशीर लागतो म्हणून परेडसाठी जवान अशी नक्कल लावत असत. तिच्यावरून हक्क सिद्ध होत नाही.

बाकीचे पुरावेही गोळा करा. युनिफॉर्मवर रिबन दिसणारा जुना फोटो, त्या काळची पत्रं, पलटणीच्या आवकजावकीचे कागद, सोबतच्या जवानाचं त्याच्या स्वतःच्या नंबरासह ॲफिडेव्हिट. ॲफिडेव्हिट देणारा हयात असेल तर आजच त्याच्याकडे जा. १९७१ ची माणसं आता सत्तरीच्या पुढं गेली आहेत.

आमच्या सीमाभागात नाव आणि पत्त्याची एक वेगळीच अडचण येते. १९५५ मध्ये भरती झालेल्याच्या कागदावर जिल्हा बेळगाव, मुंबई राज्य. पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य बदललं आणि त्यानंतर भरती झालेल्याच्या कागदावर म्हैसूर राज्य आलं. १९७३ नंतर कर्नाटक, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी. गाव तेच, पण कागदावर चार पत्ते. नावांचंही तसंच. लष्करात रामा, आधारवर रामप्पा आणि ग्रामपंचायतीच्या कन्नड मृत्यू दाखल्यावर आणखी तिसरंच. वाचणाऱ्या क्लार्कला हे तीन वेगळे लोक वाटतात. म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वीच नोटरीसमोर ॲफिडेव्हिट करून घ्या की ही सगळी नावं आणि पत्ते एकाच माणसाचे आहेत. डिस्चार्ज बुकात जे स्पेलिंग आहे तेच अर्जात वापरा, बाकीची "उर्फ" लावून द्या. कन्नड दाखल्याला इंग्रजी भाषांतर जोडा.

अर्ज कुणाला? शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सगळ्यांसाठी आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. पलटणीला नव्हे, पलटण आज कुठल्या सरहद्दीवर असेल ते सांगता येत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या बेळगावातच आहे, ही आमच्या लोकांची मोठी सोय. पण बेळगावचा म्हणून मराठाच, असं नसतं. बॉम्बे सॅपर्सवाल्यानं पुण्याला लिहायचं, तोफखान्याच्यानं नाशिक रोडला, सिग्नलवाल्यानं जबलपूरला, महार रेजिमेंटच्यानं सागरला. डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी केलेल्यांनी विशेष लक्ष द्या. दुसऱ्या नोकरीचे कागद कण्णूरला असतात, पण राहिलेलं मेडल पहिल्या नोकरीचं असेल तर पहिला नंबर लिहून पहिल्याच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. ऑफिसर लोकांचं दप्तर दिल्लीला लष्कर मुख्यालयात असतं.

अर्ज एका पानाचा, इंग्रजीत किंवा हिंदीत असावा. मजकूर साधारण असा:

"मी, माजी हवालदार अमुक, नंबर अमुक, अमुक पलटणीतून अमुक तारखेला निवृत्त झालो. ३ डिसेंबर १९७१ रोजी मी अमुक कंपनीत, अमुक ठिकाणी हजर होतो. माझ्या डिस्चार्ज बुकात संग्राम मेडलची नोंद आहे, पूर्वी स्टारची नाही. कृपया माझा शीट रोल आणि त्या काळच्या पार्ट टू ऑर्डरी तपासून पूर्वी स्टारची नोंद करावी, डिस्चार्ज बुकात ती चढवण्याची रीत कळवावी आणि मेडल देय असल्यास मिळावं. सोबत पुरावे जोडले आहेत."

एका अर्जात एकच विषय. पेन्शन, कॅन्टीन कार्ड, ईसीएचएस (माजी सैनिकांची औषधोपचाराची योजना) यांतलं काही त्यात घालू नका. झेरॉक्स साक्षांकित करून जोडा, मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पाठवू नका, आणि पाठवताना पानापानाची झेरॉक्स घरी ठेवा. पोस्टानं पाठवायचं तर स्पीड पोस्ट, हाती दिलं तर स्थळप्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, तिथल्या पत्रासह पाठवला तर उत्तम. बेळगाव जिल्ह्यातल्यांनी बेळगावच्या कार्यालयात जावं, चंदगड-गडहिंग्लजच्या मंडळींनी कोल्हापूरला.

वीरपत्नीनं अर्ज करताना मृत्यू दाखला, स्वतःचा पीपीओ आणि नवऱ्याशी नातं दाखवणारा कागद जोडावा. मावशी-काकींना मी नेहमी सांगतो, सही येत नसेल तर अंगठा चालतो, फक्त साक्षीदाराची सही आणि पत्ता शेजारी हवा.

आता शौर्य पदकाचं. परमवीर चक्रापासून सेना मेडल (शौर्य) पर्यंतच्या पदकांना केंद्र सरकारचा मासिक भत्ता आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला २०,००० रुपये, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि सेना मेडल (शौर्य) ला २,०००. शौर्य पदकं भारताच्या राजपत्रात जाहीर होतात, त्यामुळं इथं पुरावा छापील असतो. ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर शोधा किंवा संरक्षण मंत्रालयाच्या गॅलंट्री अवॉर्ड्स पोर्टलवर नाव बघा. राजपत्राचं पान जोडून रेकॉर्ड ऑफिसला लिहा की पीपीओ दुरुस्त होऊन भत्ता सुरू व्हावा; पुढे ते प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाशी पत्रव्यवहार करतात आणि बदल स्पर्शवर (पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर) दिसतो. सैनिकामागे हा भत्ता पत्नीला मिळतो. मात्र "माझ्या वडिलांनी मोठा पराक्रम केला होता, त्यांना आता वीर चक्र द्या" ही मागणी या वाटेनं पुरी होत नाही. शौर्य पदकाची शिफारस त्या काळी पलटणीकडून वर जावी लागते. इथं दुरुस्ती होते ती फक्त मिळालेल्या किंवा नियमानं देय असलेल्या मेडलची.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार वापरा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून अर्ज. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाहीतर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. "मेडल का दिलं नाही" असा सवाल विचारू नका. स्वतःच्या शीट रोलची प्रत मागा, अमुक काळातल्या आपल्या नावच्या पार्ट टू ऑर्डरींची प्रत मागा, आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्या टिपणीची प्रत मागा. कागद हातात आला की कुठं अडलंय ते आपोआप दिसतं.

कधी उत्तर येतं की कागद मुदतीनंतर नष्ट केले. पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट करता येतात, हा नियम खरा आहे. पण लाँग रोल (भरती झालेल्यांची मूळ नोंदवही) कायम जपला जातो. तेव्हा लगेच दुसरं पत्र टाका आणि लाँग रोलचा उतारा मागा. खानापूर तालुक्यातल्या एका बाईंचं प्रकरण असंच होतं. शीट रोल उरला नव्हता. लाँग रोलवर नवऱ्याचा नंबर आणि सेवेच्या तारखा निघाल्या, आणि ट्रंकेत सापडलेल्या स्टारच्या पाठीवर तोच नंबर होता. एवढ्या दोन पुराव्यांच्या जोरावर तिची बाजू उभी राहिली.

रेकॉर्ड ऑफिसनं लेखी नकार दिला आणि तो चुकीचा आहे अशी खात्री असेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. कर्नाटकातल्यांसाठी कोची खंडपीठ, सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातल्यांसाठी मुंबई. नकाराच्या तारखेपासून सहा महिन्यांत जावं लागतं, म्हणून नकाराचं पाकीटसुद्धा जपून ठेवा. नुसत्या सेवा मेडलसाठी तिथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही. शौर्य भत्त्याच्या थकबाकीसाठी मात्र वकील गाठा.

दुरुस्तीचं पत्र आलं की त्यावर पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख आहे का ते बघा. नंबर, नाव आणि मेडलचं नाव अक्षर-अक्षर तपासा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात कळवा. सगळं बरोबर असेल तर डिस्चार्ज बुकात नोंद चढवून घ्या, पत्राची एक प्रत सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि एक मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या. मेडल पोस्टानं येईल तेव्हा पावतीवर सही करण्याआधी डबी उघडून कडेवरचं नाव वाचा.