निराधारच्या पैशातून लाइटबिल परस्पर कापलं जातंय? या चुका टाळा

आमच्या लालबागच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. एकट्याच. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये आणि थोडंफार शिवणकाम, एवढीच मिळकत. बिल भरायला जिने उतरायला नकोत म्हणून भाच्याने लाइटबिल त्यांच्या खात्याला जोडून दिलं. तीन महिने सुरळीत गेले. चौथ्या महिन्यात अनुदान लांबलं, बिल मात्र ठरल्या तारखेला खात्यावर येऊन धडकलं. बिल ५४० रुपयांचं, खात्यात १८७. बिल परत गेलं आणि बँकेने दंड लावला: २०० रुपये, वर जीएसटी ३६. होते ते १८७ तेव्हाच गेले, उरलेले ४९ अनुदान जमा झालं त्याच दिवशी. पासबुकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून काकू म्हणाल्या, "अगं, हे मी कुणाला दिले?"

चूक तारखेत होती. अनुदानाला पक्की तारीख नसते. लाडकी बहीणच्या हप्त्याचंही तेच. बँकेला दिलेल्या मँडेटला, म्हणजे खात्यातून परस्पर पैसे कापायच्या परवानगीला, मात्र तारीख असते आणि ते कुणासाठी थांबत नाही. आयर्लंडमध्ये पोस्टातून सरकारी मदत घेणाऱ्यांचं भाडं किंवा बिल मदतीतूनच कापून घेण्याची सोय आहे, तीही मदतीच्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत. पैसा आला तरच कपात, त्यामुळे बिल परत जायचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे बिलवाला खात्यातून पैसे ओढतो, खात्यात काही असो वा नसो. म्हणून ज्याचं पोट अनुदानावर आहे त्याने ऑटो डेबिटच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत. करायचंच असेल तर एका बिलाएवढी रक्कम खात्यात कायम पडून राहू द्या.

दुसरा घोळ खात्याचा. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कुणीतरी नवं खातं उघडून देतं, फॉर्मवर आधार जोडायची खूण करतं, आणि पुढचं अनुदान तिकडे वळतं. बिल बिचारं जुन्याच खात्याचं दार ठोठावत बसतं. कुठलं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं. नवं खातं काढलंत की लगेच बघून घ्या.

खातं शक्यतो जनधन किंवा साधं झीरो बॅलन्सचं ठेवा, म्हणजे किमान शिल्लक नाही म्हणून दंड बसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले हप्ते आले तेव्हा काही बँकांनी जुन्या थकबाकीपोटी ते कापून घेतले होते. तसं करू नका, असं सरकारला सांगावं लागलं.

आता मोबाइल नंबर. यूपीआय किंवा कार्डवरून ऑटो पे असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. बँकेचे मेसेज कुठे जातात? खात्याला जोडलेल्या नंबरवर. काकूंच्या खात्याला भाच्याचाच नंबर होता, आणि भाचा राहतो विरारला. मेसेज येत होते, पण ज्यांनी वाचायचे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

बंद करताना ॲप काढून टाकून भागत नाही, मँडेट जिवंतच राहतं. यूपीआयचं ऑटो पे त्याच ॲपमध्ये जाऊन रद्द करा. बँकेतून दिलेलं मँडेट शाखेत लेखी अर्ज देऊन, तारखेच्या बरेच दिवस आधी, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेऊन. चुकीचा दंड बसला असेल तर तक्रारही लेखीच करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं; माहितीसाठी नंबर १४४४८.

काकूंचं मँडेट आम्ही बंद केलं, नंबरही बदलून घेतला. आता अनुदानाचा मेसेज आला की त्या कठड्यावरून हाक मारतात, "आले गं!" मग मी वर जाते आणि त्यांच्यासमोर बिल भरते. पावती मात्र त्यांना कागदावरच लागते.