फिनिक्सला फिरायला, गोल्फ खेळायला येताय? आधी घड्याळ बघा

आम्ही अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात चँडलरला राहतो, फिनिक्सला लागूनच, आणि वर्षभर आमच्याकडे कोणी ना कोणी येतंच. सासू-सासरे, मावसभाऊ, कॉलेजचे मित्र, लाँग वीकेंडला कॅलिफोर्नियाहून येणारी मंडळी. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. फिनिक्स, स्कॉट्सडेल, टेम्पी, मेसा, चँडलर, गिल्बर्ट हे सगळं एकाला एक चिकटलेलं वाळवंटातलं मोठं शहर आहे. इथे कुठे जायचं यापेक्षा किती वाजता जायचं हे जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट घामाची. मुंबईत, कोकणात घाम आला की शर्ट अंगाला चिकटतो, कळतं की शरीरातलं पाणी चाललंय. इथे हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो, अंग कोरडंच राहतं आणि माणसाला वाटतं मला तर काहीच होत नाहीये. अकोला-नागपूरच्या लोकांना हे ऊन ओळखीचं वाटेल, पण त्यांनाही सांगते, विदर्भात मे महिन्यात भर दुपारी कोणी डोंगर चढायला जात नाही, सुट्टीवर आलेला माणूस मात्र जातो कारण परत जायचं विमान परवाचं असतं.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. एप्रिलचा शेवट, दुपारचं ९५ फॅरेनहाइट म्हणजे ३५ सेल्सिअस, पुण्यात एवढं असतंच की, असं म्हणून तो आणि त्याची बायको सकाळी दहा वाजता शहरातल्या कॅमलबॅक डोंगरावर निघाले, दोघांत मिळून पाण्याची एक छोटी बाटली. अर्ध्या वाटेत डोकं ठणकायला लागलं, मळमळ, हात थरथरायला लागले. वरून उतरणाऱ्या लोकांनी खडकाच्या सावलीत बसवलं, स्वतःचं पाणी दिलं आणि हळूहळू खाली आणलं. हा दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस आहे हो. पण सिंहगडाच्या वाटेवर ताक मिळतं, लिंबू सरबत मिळतं, कॅमलबॅकवर सावलीही नाही आणि विकत घ्यायला पाण्याचा थेंबही नाही.

तर महिने कसे निवडायचे. नोव्हेंबर ते मार्च चालायला सगळ्यात छान, जानेवारीत दुपारी १९-२० सेल्सिअस आणि पहाटे ७ वगैरे, म्हणजे सकाळी जॅकेट आणि दहा वाजता हाफ शर्ट, म्हणून एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे आणा. एप्रिल आणि ऑक्टोबर चालतात, फक्त सकाळ गाठा. जून ते सप्टेंबर डोंगर विसरा, २०२३ साली इथे सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर गेला होता, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर. आणि हो, अ‍ॅरिझोनात घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य उगवतो. भारताशी फरक वर्षभर साडेबारा तासांचाच राहतो, आई-बाबांना फोन करायला हे फार सोयीचं.

कॅमलबॅक करायचाच असेल तर करा, सुंदर आहे, उंटाच्या पाठीसारखा दिसतो म्हणून ते नाव. माथा २,७०४ फूट. एको कॅन्यनच्या बाजूने जेमतेम सव्वा मैल, पण तेवढ्यात साधारण १,२८० फूट चढाई, काही ठिकाणी कठड्याला धरून हाताने ओढून चढावं लागतं. उजाडायच्या आधी पार्किंगला पोचा, नंतर जागाच मिळत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र पाणी, एका माणसाला दोन लिटर तरी, आणि एक नियम डोक्यात पक्का: अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरा, माथा दहा मिनिटांवर असला तरी. नुसतं पाणी पिऊनही भागत नाही, मीठ जायला हवं, आम्ही मीठ-साखर-लिंबू घातलेलं पाणी नेतो, सोबत खारे दाणे. अति उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी महापालिका कॅमलबॅक आणि पायेस्टेवा पीक या शहरातल्याच दुसऱ्या डोंगराच्या वाटा सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत बंदच करतं, त्या दिवशी गेटवर वाद घालू नका. तिथून लोकांना खाली आणायला फायर डिपार्टमेंटची माणसं त्याच उन्हात वर चढतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने कॅमलबॅकपेक्षा स्कॉट्सडेलच्या मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्हला जावं. तीसेक हजार एकर वाळवंट शहराने राखून ठेवलंय, दोनशेच्या वर मैलांच्या वाटा, पार्किंग फुकट, गेटवे ट्रेलहेडपासून (ट्रेलहेड म्हणजे वाटा सुरू होतात ती जागा) सपाट वाटही आहे आणि चढाचीही. खरं वाळवंट तिथे दिसतं. सग्वारो (इथले लोक सवारो म्हणतात, ग चा उच्चार करत नाहीत) म्हणजे ते उंचच्या उंच हात वर केलेले निवडुंग. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, त्यामुळे फोटोसाठी त्याला टेकू नका, खरवडू नका, इजा केली तर कायद्याने गुन्हा आहे. आपला फड्या निवडुंगही भेटेल, तो मूळचा या अमेरिका खंडातलाच. आणि चोया नावाचं एक झुडूप, सोनेरी लव असल्यासारखं दिसतं, हात लावावासा वाटतो, लावू नका. नुसता पाय घासला तरी त्याचा गोळा तुटून चिकटतो. हाताने काढायला गेलात की हातात रुततो, म्हणून बॅगेत एक कंगवा ठेवा, काट्याच्या गोळ्याखाली कंगवा सरकवायचा आणि झटक्यात उडवायचा. बारीक काट्यांसाठी चिमटा. रॅटलस्नेक साधारण मार्च ते ऑक्टोबर बाहेर असतात, वाटेच्या मधोमध चाला, दगडामागे न बघता हात घालू नका, कानात इअरफोन नको.

आई-बाबा सोबत असतील तर बेत वेगळा करा, त्यांना चढ चढायला लावून आपण वरून हाक मारू नका. साउथ माउंटन पार्कमध्ये डॉबिन्स लुकआउटपर्यंत गाडी जाते, सूर्यास्ताला सगळं शहर पायाशी. पापागो पार्कमध्ये होल इन द रॉक, लाल खडकातलं भोक, गुडघे ठीक असतील तर पाच-दहा मिनिटांत वर. त्याच्याच जवळ १९३९ साली सुरू झालेलं डेझर्ट बोटॅनिकल गार्डन, सपाट वाटा, बसायला बाक, मार्च-एप्रिलमध्ये फुलं. माझ्या सासऱ्यांना सगळ्यात आवडलं ते गिल्बर्टचं रायपेरियन प्रिझर्व्ह. तिथे शुद्ध केलेलं सांडपाणी तळ्यांमधून जमिनीत मुरवतात, हिवाळ्यात पक्षी भरपूर, ते दुर्बीण घेऊन रोज सकाळी सातला हजर असायचे.

आता गोल्फ. आपल्याकडे गोल्फ म्हणजे मेंबरशिप, आर्मी, मोठे लोक, गेटवर वॉचमन, अशीच डोक्यात प्रतिमा असते, मी इथे येईपर्यंत हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरला नव्हता. इथे दोनशेच्या आसपास कोर्सेस, म्हणजे गोल्फची मैदानं, आहेत आणि बरेचसे कोणालाही खुले, काही तर चक्क महापालिकेचे. आजीबाई, शाळेतली पोरं, प्लंबर, डॉक्टर सगळे एकाच रांगेत. हे मला फार आवडतं, म्हणून आलेल्या प्रत्येकाला मी एकदा तरी घेऊन जातेच.

कधीच खेळला नसाल तर पहिल्या दिवशी कोर्स बुक करू नका, ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे नुसते फटके मारायच्या सरावाच्या मैदानावर, जा, एक बादली बॉल घ्या, क्लब तिथेच मागा. दुसऱ्यांदा पार-थ्री (प्रत्येक होल तीन फटक्यांत संपवायचं) किंवा नऊ होलचा छोटा कोर्स, होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून झेंड्याजवळच्या खळग्यापर्यंतचा एक टप्पा. थोडं येत असेल तर पापागो, शहराचाच कोर्स, १९६३ पासूनचा, लाल डोंगर बाजूला, खेळताना मान वर करून बघावंसं वाटतं. राहणाऱ्यांचा दर कमी आणि पाहुण्यांचा जास्त असतो, तरी रिसॉर्टपेक्षा खूपच बरा. खास एकदाच खर्च करायचा असेल तर फोर्ट मॅकडॉवेल यावापाई या इथल्या मूळनिवासी लोकांचा वी-को-पा कोर्स, आजूबाजूला घरं नाहीत, नुसतं वाळवंट आणि डोंगर. ट्रून नॉर्थही तसाच देखणा. टीपीसी स्कॉट्सडेलचा स्टेडियम कोर्स टीव्हीवर बघितला असेल, फेब्रुवारीच्या सुरुवातीला फिनिक्स ओपन ही मोठी स्पर्धा तिथे होते, सोळाव्या होलला चारी बाजूंनी स्टँड आणि हजारो लोक ओरडत असतात. त्या आठवड्यात आणि मार्चमध्ये बेसबॉलच्या स्प्रिंग ट्रेनिंगला (संघांचे हंगामाआधीचे सराव सामने) हॉटेल आणि टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची बुक केलेली वेळ, दोन्ही महाग.

पैशाचं गणित असं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नावाजलेल्या कोर्सला एका माणसाचे तीनशे डॉलरच्या वर सहज जातात, तोच कोर्स जुलैत निम्म्याहून कमी. दुपारनंतरचा ट्वायलाइट दर स्वस्त असतो, पण हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, अठरा होल पूर्ण होतील का विचारून घ्या. उन्हाळ्यात खेळायचं तर अगदी पहिला टी टाइम घ्या, साडेपाचला सुरू केलं की दहाच्या आत घरी.

एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना माहीतच नसते, ओव्हरसीडिंग. इथलं बर्म्युडा गवत थंडीत पिवळं पडून झोपतं, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यावर राय गवत पेरतात आणि तेवढे दोन-तीन आठवडे कोर्स बंद ठेवतात. उघडल्यावरही बरेच दिवस कार्ट (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) फक्त रस्त्यावरूनच न्यायची, म्हणजे बॉलपर्यंत चालत जा-ये. दिवाळीच्या सुट्टीत येणार असाल तर बुक करताना फोन करून हेच आधी विचारा, आमचे एक मित्र खास क्लब घेऊन आले आणि तिन्ही पसंतीचे कोर्स बंद.

कोर्सवर गवताचे पट्टे कमी आणि मध्ये वाळवंट जास्त दिसेल, कारण पाणी जपून वापरावं लागतं, १९८० च्या भूजल कायद्यानंतर नव्या कोर्सेसना हिरवळ आटोपशीर ठेवावी लागली. त्यामुळे सरळ मारणं लांब मारण्यापेक्षा कामाचं. पुढच्या टीवरून, म्हणजे झेंड्याला जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून, खेळा, त्यात काही कमीपणा नाही. बॉल झुडपात गेला तर सोडून द्या, चार डॉलरच्या बॉलसाठी सापाच्या बिळात हात घालायचा नाही. वाळवंटात गेलेल्या बॉलचा ड्रॉप कुठे घ्यायचा, म्हणजे दुसरा बॉल कुठे टाकून पुढे खेळायचं, हे सुरुवातीलाच स्टार्टरला (खेळ सुरू करून देणारा कोर्सचा माणूस) विचारून ठेवा. कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स नको, फटक्याने गवत उखडलं तर खड्डा मातीने भरा, बंकर (वाळूचा खड्डा) दाताळ्याने सारखा करा आणि मागचे लोक थांबले असतील तर त्यांना पुढे जाऊ द्या.

उन्हाळ्यातच यावं लागलं, शाळेच्या सुट्ट्या काय आपल्या हातात नसतात, तर पाण्याकडे वळा. सॉल्ट रिव्हरवर टायरच्या ट्यूबमध्ये बसून तरंगत जायचं, पाणी वरच्या सग्वारो लेकच्या धरणातून सुटतं म्हणून चांगलंच गार. लाइफ जॅकेट घाला, पायात बांधलेल्या सँडल हव्यात, स्लिपर वाहून जाते, काचेची बाटली चालत नाही. आपली गाडी तिथे लावायची असेल तर टाँटो फॉरेस्टचा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी जंगलाचा, पास आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, तिथे पोचल्यावर खिडकी मिळेल असं धरून चालू नका. सकाळी लवकर गेलात तर जंगली घोडे नदीत उतरलेले दिसतात, लांबूनच बघा, गाजर-सफरचंद देऊ नका. तेही नको असेल तर पहाटे गाडी काढून फ्लॅगस्टाफ गाठा, दोन-सव्वादोन तास, सात हजार फुटांवर पाइनचं जंगल आणि हवा महाबळेश्वरसारखी.

जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथेही मान्सून म्हणतात, आपल्यासारखा संततधार नाही, संध्याकाळी अचानक धुळीची भिंत येते आणि मग वीज-पाऊस. गाडीत असाल आणि समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा, नाहीतर मागचा तुमच्या दिव्यांच्या मागोमाग येऊन आदळतो. कोरडे ओढे, त्यांना इथे वॉश म्हणतात, लांब कुठेतरी पडलेल्या पावसाने मिनिटांत भरतात, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालायची नाही, थांबायचं. थोड्या वेळाने ओसरतं. तेवढ्यात काच खाली करा, ओल्या क्रिओसोटच्या झुडपांचा वास येईल, आपल्या पहिल्या पावसाच्या मातीसारखा नाही, जरा औषधी, कडवट, पण माझ्या सासूबाई आता पुण्यातून फोनवर विचारतात, आला का गं तो वास यंदा?