प्रवेश परीक्षेच्या निकालाची वाट पाहताना घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

शेवटचा पेपर झाला की मुलांचं काम संपतं आणि घरच्यांची घालमेल सुरू होते. अभ्यासाचं वेळापत्रक महिनोन् महिने भिंतीवर लटकत असतं, पण पेपर ते निकाल हे मधले आठवडे कसे काढायचे याचा विचार बहुतेक घरांत झालेला नसतो. मग सगळी शक्ती निकालाचा अंदाज बांधण्यात जाते. त्यातून हाती काही लागत नाही. कागदपत्रं, तारखा, दुसरी शाळा, निकालाचा दिवस या हातातल्या गोष्टी मात्र राहून जातात. पुढच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ इथेच आहे.

त्याच संध्याकाळी गुण मोजायला बसणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. मूल दमून घरी येतं, चप्पल काढायच्या आत प्रश्नपत्रिका मागितली जाते आणि "सतराव्याला काय लिहिलंस?" सुरू होतं.

हा हिशेब किती पोकळ असतो ते आकड्यांतच पाहा. समजा 100 प्रश्न आहेत, प्रत्येकी 1 गुण, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. मुलीने 92 प्रश्न सोडवले. घरी पडताळल्यावर 70 बरोबर आणि 8 चूक एवढं नक्की झालं. उरलेल्या 14 प्रश्नांत कोणता गोल रंगवला हे तिला धड आठवत नाही. ते सगळे बरोबर धरले तर गुण होतात 82, सगळे चुकले धरले तर 64.5. म्हणजे तासभर डोकं लावून निघालेलं उत्तर "साडेचौसष्ट ते ब्याऐंशीच्या मध्ये कुठेतरी" असं असतं. एवढ्या फरकात निवड होणं आणि न होणं दोन्ही बसतं.

त्यापुढच्या गोष्टी तर घरात बसून कळणाऱ्याच नसतात. कट-ऑफ इतर मुलांच्या गुणांवर आणि जागांवर ठरतो. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत झाली असेल तर काठिण्यातला फरक काढण्यासाठी गुण समान पातळीवर आणतात, काही परीक्षांत मुलाचं वयही महिन्यांपर्यंत हिशेबात धरतात. निकाल पर्सेंटाइलमध्ये येणार असेल तर घरी काढलेल्या टक्क्यांशी त्याची तुलनाच होत नाही: 90 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण 90 टक्के मुलं तुमच्या मुलाच्या बरोबरीला किंवा खाली आहेत, त्याला शंभरात नव्वद मिळाले असं नाही. आणि पहिली उत्तरसूची बऱ्याचदा तात्पुरती असते, हरकती आल्यावर उत्तरं बदलतात, एखादा प्रश्न रद्दही होतो.

एका परिस्थितीत पडताळणी करावीच लागते. उत्तरसूचीवर हरकत घ्यायची मुदत असते तेव्हा. ते काम मोठ्यांपैकी एकाने, मूल समोर नसताना, एकदाच करावं. मुलाची उत्तरपत्रिका उपलब्ध असेल तर त्यावरूनच ताडून पाहावं, आठवणीवरून नाही. हरकत घेण्यासारखं उत्तर सापडलं तर पाठ्यपुस्तकाचं पान जोडून मुदतीत नोंदवावी आणि वही मिटावी.

"होणारच तुझं!" आणि "नाही झालं तर काय बिघडतं?"

दोन्ही वाक्यं प्रेमापोटीच येतात, आणि दोन्ही मुलाला खोटी वाटतात. पहिल्याने निकालावर आई-बाबांच्या भरवशाचंही ओझं चढतं. दुसरं ऐकून दहा-अकरा वर्षांचं मूल विचारतं, मग वर्षभर माझं खेळणं का बंद केलं होतंत? त्याचं बरोबरच असतं.

मूल तोच प्रश्न दिवसातून पाचदा विचारतं तेव्हा त्याला उत्तर हवं असतं असं नाही, त्याला अनिश्चितता सोसत नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हलका विजेचा झटका दिला जात होता. झटका बसणारच हे ठाऊक असताना जेवढा ताण दिसला, त्याहून जास्त ताण तो बसण्याची शक्यता अर्धी-अर्धी असताना दिसला. त्यामुळे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावं, आणि ठाऊक आहे ते नेमकं सांगावं:

"आई, माझं होईल ना गं?"
"ते आत्ता कुणालाच माहीत नाही. मलाही वाट बघवत नाहीये. पण निकाल बाबा बघणार, तुला आम्ही लगेच सांगणार, आणि झालं नाही तर कुठल्या शाळेत जायचं तेही आपलं ठरलंय."

हे उत्तर दर वेळी साधारण त्याच शब्दांत द्यावं. रोज नवा दिलासा शोधायला लागलात की उद्याचा दिलासा आजच्यापेक्षा मोठा लागतो.

काळजी पार घालवायचा हट्ट

कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालासाठी सुमारे चार महिने थांबावं लागलेल्या उमेदवारांचा मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तोही 2016 मध्येच प्रसिद्ध झाला. काळजी कमी करायला लोकांनी जे जे केलं त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. उलट जे अगदी निवांत राहिले त्यांना वाईट बातमी पचवणं जड गेलं. हे मोठ्या माणसांबद्दलचं निरीक्षण आहे, मुलांना जसंच्या तसं लावू नये. पण थोडी धाकधूक असलेलं मूल म्हणजे बिघडलेलं मूल नव्हे, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

"परीक्षेचं नाव काढायचं नाही" हा नियमही उलटतो. मनाला एखादी गोष्ट आठवू नकोस म्हटलं की ती जास्तच आठवते. त्यापेक्षा काळजीला वेळ ठरवून द्यावी: रोज 15 मिनिटं, संध्याकाळी, झोपायच्या किमान दोन तास आधी. त्यात मूल जे बोलेल ते ऐकायचं, हवं तर कागदावर लिहू द्यायचं. इतर वेळी विषय निघाला तर "हे सहा वाजता बोलू" एवढंच. सहा वाजता मात्र खरोखर बसायचं, नाहीतर दोन दिवसांत मुलाचा विश्वास उडतो. पुष्कळदा सहा वाजेपर्यंत बोलण्यासारखं काही उरलेलंही नसतं.

दिवस मोकळे सोडणं

परीक्षेपर्यंत मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आणि दुसऱ्या दिवसापासून काहीच नाही, असं झालं की रिकाम्या वेळात निकालच घुसतो. पहिले दोन-तीन दिवस लोळू द्यावं, मग उठण्या-झोपण्याच्या वेळा परत बसवाव्यात. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्यांना 8 ते 10 तास झोप लागते. चिडचिड निकालाची समजली जाते, पण बऱ्याचदा ती अपुऱ्या झोपेची असते.

वेळ भरायला टीव्ही-मोबाइल कामाचा नाही, कारण त्यात मन भटकायला मोकळं राहतं. ज्यात मूल थोडं अडतं आणि थोडं जमतं असं काम हवं: पोहण्याचा नवा हात, वाद्यावरची एखादी धून, सायकल खोलून साफ करणं, मोठं चित्र. पुढच्या इयत्तेचा नवा क्लास याच काळात सुरू करू नये. त्याचा अर्थ मूल एकच लावतं, की आपलं झालेलं नाही हे घरच्यांना आधीच कळलंय.

घरातल्या सगळ्यांनी संकेतस्थळ उघडत बसणं

निकाल पाहायची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी. जाहीर तारखेच्या आधी दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी आणि फक्त अधिकृत ठिकाणी पाहायचं. पालकांच्या ग्रुपवर "आज रात्री बारा वाजता लागतोय" असा निरोप महिन्यात चार वेळा फिरतो. तो पुढे पाठवायचा नाही, मुलासमोर मोठ्याने वाचायचाही नाही. अनोळखी लिंकवर अर्ज क्रमांक टाकू नये, कुणालाही ओटीपी सांगू नये. निकाल आधी कळवतो किंवा यादीत नाव घालतो म्हणून पैसे मागणारा फसवणारच असतो.

त्या माणसाने एका कागदावर अर्ज क्रमांक, आसन क्रमांक, पासवर्ड आणि अर्जात दिली तशीच जन्मतारीख लिहून ठेवावी. अर्जात दिलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते बघावं, कारण पासवर्ड बदलायचा झाला तर ओटीपी तिथेच येतो. ईमेल दिला असेल तर स्पॅमही तपासावा. निकालाच्या दिवशी गर्दीने पान उघडत नाही, तेव्हा सारखं रिफ्रेश करून उपयोग नसतो, पंधरा-वीस मिनिटं थांबलेलं बरं. पान उघडलं की आधी पीडीएफ जतन करायची, दोन प्रती छापायच्या आणि नाव, जन्मतारीख, प्रवर्ग बरोबर आहेत का ते वाचायचं. नावातली चूक तेव्हाच कळवली तर सहसा सुधारते, प्रवेशाच्या टेबलावर तीच चूक अडवते.

कागदपत्रं "निकालानंतर बघू"

निकाल ते प्रवेश यातली मुदत बऱ्याचदा अगदी थोड्या दिवसांची असते, आणि दाखले मिळायला आठवडे लागू शकतात. माहितीपुस्तिकेतली यादी उघडून प्रत्येक कागदापुढे "आहे", "अर्ज केलाय", "मुदत संपतेय" असं लिहा. जन्माचा दाखला, शाळेचे दाखले आणि ओळखपत्र या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे आजच बघा. पालकांची अस्वस्थता सत्कारणी लावायला याहून चांगली जागा नाही.

नातेवाईकांना तारीख सांगणं

तारीख कळली की फोन सुरू होतात, आणि फोन मूलच उचलतं. तारीख घरातच ठेवा. मुलाला एक वाक्य पाठ करून द्या: "लागला की आई सांगेल." बक्षिसाची घोषणा करणाऱ्या काका-मामांनाही थांबवा. सायकल द्यायची तर ती परीक्षा दिल्याबद्दल आणि निकालाआधी द्यावी. निकालावर टांगलेली सायकल नापास झालेल्या दिवशी दुसरी शिक्षा होते.

निकाल सगळ्यांसमोर उघडणं

कोण आधी पाहणार, हे मुलाला आठवडाभर आधी विचारा. काही मुलांना स्वतः बघायचं असतं, काहींना आई-बाबांनी बघून सांगितलेलं हवं असतं. शाळेत किंवा व्हिडिओ कॉलवर नको. मोठ्यांनी आधी बघायचं ठरलं असेल तर दुसऱ्या खोलीत बघावं, स्वतःचा चेहरा सावरावा आणि मग यावं, पण बातमी तासन् तास दाबून ठेवू नये. मुलाला दरवाजाच्या फटीतून सगळं कळतं.

झालं नसेल तर पहिलं वाक्य सरळ असावं: "या यादीत तुझं नाव नाही." मग गप्प बसावं. रडू द्यावं. कुठे चुकलं याची चर्चा, मित्राचं झालं का ही चौकशी, "सांगत होतो ना" हे सगळं त्या दिवशी बंद. झालं असेल तर "हुशार आहेसच तू" ऐवजी केलेल्या कामाचं नाव घ्यावं, म्हणजे रोज पहाटे उठून सोडवलेले गणिताचे संच. फोटो आणि अभिनंदनाचे निरोप संध्याकाळी पाठवावेत, तेही मुलाला विचारून. धाकट्या भावंडाला त्या दिवशी मुद्दाम थोडा वेळ द्यावा.

वाट पाहताना किंवा निकालानंतर झोप, भूक, खेळ दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेले राहिले, पोट-डोकं रोज दुखू लागलं तर डॉक्टरांना दाखवावं. मरणाची किंवा स्वतःला इजा करायची भाषा मुलाच्या तोंडी आली तर ती धमकी समजू नये. त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

प्रतीक्षा यादीला "झालंच समजा" म्हणणं

प्रतीक्षा यादी म्हणजे वाट पाहण्याचा दुसरा टप्पा. यादीतला क्रमांक, एकूण जागा, पुढच्या फेऱ्यांच्या तारखा आणि यादी रद्द होण्याची तारीख लिहून घ्या. मागच्या वर्षी यादी किती सरकली याचा आकडा यंदा लागू पडेलच असं नाही. दुसऱ्या शाळेतली जागा हातची सोडू नका, पण तिथली फी भरण्याआधी ती परत मिळण्याचे नियम आणि मुदत लेखी घ्या. फेरतपासणी मागायची असेल तर तिची मुदत प्रवेशाच्या मुदतीच्या आधीच संपत नाही ना, हे निकालाच्या दिवशीच पाहा.