गोव्यातून नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायचे असेल तर: बारावीपासूनचा आराखडा

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. रुग्णाला स्वतः भूल देणारी, ऑपरेशनभर त्याचा श्वास आणि रक्तदाब सांभाळणारी नर्स हे पद भारतात नाही. आपल्याकडे भूल देण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञ डॉक्टरांची. थिएटरमधली नर्स तयारी करते, मदत करते, रिकव्हरीत रुग्णावर नजर ठेवते, पण भूल तिच्या सहीने दिली जात नाही. त्यामुळे कोणी एजंट किंवा क्लासवाला इथेच नर्स ॲनेस्थेटिस्ट करून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर तिथून सरळ उठा.

मग आराखड्याची सुरुवात कोर्सपासून होत नाही. कोणत्या देशात काम करायचे आहे, हे आधी ठरवावे लागते. अनेक हुशार मुली आधी डिग्री, मग अनुभव, मग देश असा क्रम लावतात, आणि तिशी ओलांडल्यावर त्यांना कळते की केलेला अनुभव त्या देशात धरलाच जात नाही.

गोव्यातच राहायचे असेल तर

भूल देणे हेच ध्येय असेल आणि गोवा सोडायचा नसेल, तर रस्ता एमबीबीएस आणि पुढे भूलशास्त्रात एमडी. तो परवडत नसेल किंवा नको असेल, तर भूलतज्ज्ञाच्या बाजूला उभे राहून काम करण्याचे तीन मार्ग आहेत. ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजीची पदवी घेतली की भूल यंत्राची तपासणी, उपकरणांची तयारी, मॉनिटर हे काम मिळते, पण ती नर्सिंगची पदवी नव्हे आणि पुढे परदेशात नर्स म्हणून ती उपयोगी पडत नाही. नर्सिंग झाल्यावर ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. तिसरा मार्ग इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला (अतिदक्षतेतला) दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स. त्याला बीएस्सी नर्सिंग आणि किमान एक वर्षाचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. आमच्या मते या तिन्हींत तो सगळ्यात भक्कम आहे, कारण बहुतेक शिक्षण रुग्णाच्या खाटेपाशी होते.

बाकीचा लेख बाहेर जाणाऱ्यांसाठी, आणि मुख्यतः अमेरिकेसाठी. नर्स ॲनेस्थेटिस्टचे स्वतंत्र स्थान सर्वांत ठळकपणे तिथेच आहे, आणि तिथली वर्षाची कमाई सरासरी दोन लाख डॉलरच्या पुढे जाते.

बारावी आणि बीएस्सी

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवे. कौन्सिलची किमान अट ४५ टक्क्यांची असली तरी प्रत्यक्ष चढाओढ त्याहून बरीच वर असते. गोव्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची माहितीपुस्तिका पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून निघते. ती दरवर्षी नव्याने वाचा, मागच्या वर्षीच्या ओळखीच्या मुलीच्या सांगण्यावर जाऊ नका. मामलेदार कार्यालयातून रहिवासी दाखला निघायला वेळ लागतो, म्हणून बारावीची परीक्षा चालू असतानाच अर्ज टाकून ठेवा.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की बीएस्सी, हा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत या शाखेत प्रवेशाला पदवी लागते, म्हणून थेट चार वर्षांची बीएस्सी घ्या. जीएनएम झालेलीच असेल तर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करून घ्या. बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारातच असल्यामुळे तिथे रुग्णांची विविधता मिळते, आणि शिकताना तीच सगळ्यात मोलाची.

या चार वर्षांत ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजीत नुसते पास होऊ नका. अमेरिकेतल्या प्रोग्रॅमना साधारणपणे ४ पैकी ३ तरी जीपीए (सरासरी गुणांक) लागतो आणि विज्ञान विषयांचे गुण ते वेगळे काढून बघतात. आपल्या बीएस्सीत केमिस्ट्री स्वतंत्र, लॅबसह विषय म्हणून फारशी नसते. तिथले बरेच प्रोग्रॅम ती मागतात. ती कमतरता पुढे तिथल्या कम्युनिटी कॉलेजात भरून काढता येते, पण तेवढा वेळ आणि पैसा आराखड्यात आधीच धरा.

आयसीयूतली वर्षे

पदवी आणि नोंदणी झाली की थेट आयसीयू गाठा. वॉर्ड, ओपीडी, अगदी थिएटरसुद्धा या कामासाठी आयसीयूची जागा घेत नाही. प्रवेश समितीला बघायचे असते ते हे: व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, रक्तदाब टिकवणारी इन्फ्युजन, धमनीतून थेट रक्तदाब मोजणारी लाइन, आणि या सगळ्यांवर नर्सने स्वतः घेतलेला निर्णय. सर्जिकल किंवा हृदयशस्त्रक्रियेनंतरचा आयसीयू मिळाला तर उत्तम.

तिथे काय शिकायचे याचे एक उदाहरण घेऊ. आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, रुग्णाच्या हृदयाच्या पातळीवर हवा, म्हणजे छातीची चौथी बरगडी-फट काखेच्या मध्यरेषेला मिळते तिथे. खाट वर-खाली केली, ट्रान्सड्यूसर स्टँडवर तसाच राहिला आणि हृदयाच्या १० सेंटिमीटर खाली आला, तर रक्तदाब खऱ्यापेक्षा सुमारे ७.५ मिलिमीटरने जास्त दिसतो. सरासरी दाब प्रत्यक्षात ६० असताना मॉनिटरवर ६७ दिसतात, आणि कोणीतरी नॉरॲड्रेनालिन हे रक्तदाब वाढवणारे औषध कमी करून टाकते. तशीच दुसरी चूक बुडबुड्याची. नळीत हवा राहिली की लहर चपटी होते, वरचा आकडा खोटा कमी आणि खालचा खोटा जास्त येतो. नळीतला द्रव दाबाखाली ठेवणारी प्रेशर बॅग ३०० वर आहे ना, फ्लश ओढून सोडल्यावर लहर नीट उसळून लगेच स्थिरावते ना, हे प्रत्येक ड्युटीच्या सुरुवातीला तपासायची सवय लावा.

औषधाचा हिशेबही हाताने करा. ६० किलोच्या रुग्णाला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम नॉरॲड्रेनालिन म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम असेल तर एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम, म्हणून पंप तासाला ४.५ मिलिलिटरवर. अँप्युलवर औषधाचे क्षाररूप (सॉल्ट) लिहिले आहे की मूळ औषध, तेही वाचा: २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे १ मिलिग्रॅम नॉरॲड्रेनालिन. इथे गल्लत झाली तर डोस थेट दुपटीने चुकतो. पंपात आकडे भरून मोकळी होणारी नर्स आणि आकडा का येतो हे सांगू शकणारी नर्स यांतला फरक मुलाखतीत पाच मिनिटांत उघडा पडतो.

आता सर्वांत जास्त लोकांची फसगत होते तो मुद्दा. अमेरिकेत प्रवेशासाठी लागणारा किमान एक वर्षाचा पूर्णवेळ क्रिटिकल केअर अनुभव अमेरिकेत, तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशात किंवा अमेरिकी लष्करी रुग्णालयातच झालेला असावा लागतो. गोमेकॉतली चार वर्षे किंवा कुवेतमधली सहा वर्षे या अटीत मोजली जात नाहीत. ती वाया जात नाहीत, कारण अमेरिकेतल्या आयसीयूत नोकरी मिळते ती त्यांच्याच जोरावर. पण प्रवेशाचे घड्याळ तिथे पोचल्यावरच सुरू होते. म्हणून इथे दोन वर्षे पुरेत. आखातात 'आणखी थोडे कमवू' म्हणून दहा वर्षे काढणे या ध्येयासाठी नुकसानीचे.

कागदपत्रे

अमेरिकेतल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज, सीजीएफएनएसकडून पदवीची तपासणी (या संस्थेचे आताचे नाव ट्रूमेरिट), मग एनक्लेक्स-आरएन ही नर्सच्या परवान्याची परीक्षा, शेवटी व्हिसास्क्रीन हे व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र असा क्रम. एनक्लेक्स गोव्यात होत नाही, मुंबई किंवा बंगळुरू गाठावे लागते. परीक्षेची फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेर देण्याचे १५० डॉलर वेगळे आणि वर कर. प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. व्हिसास्क्रीनसाठी आयल्ट्स दिली तर एकूण ६.५ आणि बोलण्यात ७ लागतात. व्हिसास्क्रीनचे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, त्यामुळे फार आधी काढून ठेवू नका.

अडते ते बहुधा दोन ठिकाणी. ट्रान्स्क्रिप्टमध्ये प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास वेगवेगळे लागतात, विशेषतः बाल, प्रसूती आणि मानसिक आरोग्य या विषयांचे. नुसती मार्कशीट चालत नाही. कॉलेजातून आणि ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातून हे कागद पदवी मिळताच मागून घ्या, दहा वर्षांनी जुने रजिस्टर शोधायला कोणी बसत नाही. दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच काय, नावही बदलते. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पदवीवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे असेल तर फाइल महिनोन्महिने पडून राहते. लग्न ठरले असेल तर पासपोर्टवर कोणते नाव ठेवायचे हे आधी ठरवा, आणि नाव बदललेच तर विवाहाचा दाखला व प्रतिज्ञापत्र एकत्र तयार ठेवा.

अनुभवाचे पत्रही एका ओळीचे नको. युनिटचे नाव, खाटांची संख्या, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, कोणत्या प्रकारचे रुग्ण, हे सगळे त्यात हवे. नोकरी सोडतानाच ते घ्या.

रांग, आणि जन्म कुठे झाला

नर्स अमेरिकेत जातात त्या बहुतांशी ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डावर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर. रुग्णालय मालक म्हणून तुमच्यासाठी आय-१४० हा ग्रीन कार्डाचा अर्ज भरते त्या तारखेला रांगेतली जागा ठरते. भारतात जन्मलेल्यांची ही रांग दहा वर्षांहून लांब आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढला की ही रांग टळते, असा समज गोव्यात घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. ही रांग नागरिकत्वावर चालत नाही, जन्मस्थानावर चालते. मडगावात जन्मलेली नर्स कोणत्याही पासपोर्टवर भारताच्याच रांगेत धरली जाते.

उलट जिचा जन्म कुवेत, बहारीन, दुबई किंवा नैरोबीला झाला, तिचा पासपोर्ट भारतीय असला तरी ती त्या देशाच्या, म्हणजे कितीतरी छोट्या रांगेत बसते. नवऱ्याचा जन्म तिकडचा असेल आणि दोघे बरोबर जाणार असतील, तर त्याच्या जन्मदेशाचा फायदाही मिळतो. घरात अशी परिस्थिती असेल तर तिथला मूळ जन्मदाखला आजच शोधायला लागा.

रांग लांब असेल तर आय-१४० शक्य तितक्या लवकर भरून घ्या. अर्ज एकदा मंजूर झाला की पुढे मालक बदलला तरी जुनी तारीख सहसा हातची जात नाही. मुले असतील तर त्यांचे वय २१ च्या पुढे जाणार का, हेही बघा, कारण त्यानंतर ती सहसा तुमच्या अर्जात धरली जात नाहीत.

पोर्तुगीज पासपोर्ट उपयोगी पडतो तो युरोपात, राहण्या-काम करण्याच्या हक्कापुरता. भारतातली नर्सिंग पदवी त्यामुळे आपोआप मान्य होत नाही. स्वीडनमध्ये आधी तिथली भाषा आणि परवान्याची परीक्षा, मग भूलशास्त्रातला ६० क्रेडिटचा एक वर्षाचा कोर्स. फ्रान्समध्ये हे प्रशिक्षण दोन वर्षांचे आहे. विशीतच भाषा शिकायची तयारी असेल तर हा मार्ग अमेरिकेपेक्षा छोटा पडू शकतो. एवढे मात्र लक्षात ठेवा, की परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते.

अमेरिकेत पोचल्यावर

पहिल्या दिवसापासून आयसीयूच मागा, करारात युनिटचे नाव लिहून घ्या. 'आधी वॉर्डात ये, मग बघू' यात दोन वर्षे सहज जातात. कागदावर एक वर्ष पुरेसे असले तरी निवड होणाऱ्यांकडे बहुधा दोन-तीन असतात. १,७५० तास भरले की सीसीआरएन ही क्रिटिकल केअर नर्सिंगची प्रमाणपत्र परीक्षा द्या. एखाद्या नर्स ॲनेस्थेटिस्टबरोबर थिएटरमध्ये दिवसभर उभे राहून काम बघा आणि त्याची लेखी नोंद घ्या, बरेच प्रोग्रॅम ती मागतात.

प्रोग्रॅम किमान ३६ महिन्यांचा. २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी तो डॉक्टरेट पातळीचाच असतो. त्यात किमान ६०० केसेस आणि २,००० तासांचे प्रत्यक्ष काम पूर्ण करावे लागते. शेवटी राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना.

या तीन वर्षांत नोकरी जवळपास अशक्य असते आणि फी अनेक ठिकाणी एक लाख डॉलरच्या वर जाते. सरकारी विद्यार्थी कर्ज ग्रीन कार्ड असल्याशिवाय मिळत नाही. त्यातही ग्रॅड प्लस हे मोठे कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. म्हणून तिथल्या आयसीयूतल्या पगारातून निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत प्रवेशाचा अर्ज टाकू नका, आणि गावात घर बांधायला काढायचे असेल तर ते कर्ज या तीन वर्षांनंतर घ्या.