मांजराचे डोळे आले, तर आधी काय पाहावे

मांजराच्या डोळ्यातून पाणी वाहू लागले, पापण्या सुजल्या किंवा सकाळी चिपडांनी डोळा चिकटला, की आपण सरसकट ‘मांजराचे डोळे आले’ असे म्हणतो. या एका शब्दप्रयोगाखाली पाच-सहा निरनिराळे आजार येतात, आणि अडचण अशी की त्यांतल्या एकाचे औषध दुसऱ्याला अपाय करते. पापण्यांच्या आतले आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे नाजूक अस्तर सुजणे हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. परंतु डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला, जखम झाली असली किंवा डोळ्याच्या आतल्या भागाला सूज आली असली, तरीही डोळा लालच दिसतो आणि पाणीच वाहते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी चिंगी नावाची मांजर आहे. एका सकाळी तिचा उजवा डोळा अर्धा मिटलेला दिसला. घरात वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली होती. डोळ्याचेच औषध आहे, म्हणून मी ते दिवसातून तीनदा घातले. दुसऱ्या दिवशी लाली उतरली आणि मला माझ्या हुशारीचे कौतुक वाटले. चौथ्या दिवशी त्या डोळ्यावर धुरकट निळसर ढग आला होता. पशुवैद्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, “हे किती दिवस घातलंत?” त्या बाटलीत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड होते. त्यांनी केशरी टोकाची कागदाची पट्टी सलाइनने ओली करून पापणीच्या आत टेकवली, डोळा धुतला आणि निळा प्रकाश टाकला. कॉर्नियावर झाडाच्या बारीक फांद्यांसारख्या हिरव्या रेघा चमकल्या. ती विषाणूने केलेली जखम होती. स्टेरॉइडने सूज आणि लाली दाबली, पण जखम भरू दिली नाही आणि विषाणूला मोकळे रान मिळाले. चिंगीचा डोळा वाचला. मात्र त्यात मोहरीएवढे फूल कायमचे राहिले.

म्हणून कोणतेही थेंब घालण्याआधी ही हिरव्या रंगाची, फ्लुओरेसीन नावाची तपासणी करून घ्यावी. ती दोन मिनिटांत होते आणि तिने मांजराला त्रास होत नाही. घरातल्या बाटलीवर डेक्सामिथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामिथासोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादे नाव असेल, तर ती स्टेरॉइडची बाटली आहे असे समजावे आणि मांजराच्या डोळ्याजवळ नेऊ नये. सूज उतरवणारे केटोरोलॅकचे थेंबही जखम भरणे लांबवतात.

डोळा कसा पाहावा

मांजराला दिवसा खिडकीपाशी घेऊन बसावे आणि सुरुवातीलाच बॅटरी डोळ्यावर मारू नये. दोन्ही डोळे एकमेकांशी ताडून पाहावेत, कारण मांजराचा एक डोळा आजारी असला की दुसरा आपोआप नमुन्याचे काम करतो. कॉर्नियावर खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब पडते. ते दोन्ही डोळ्यांत सारखेच रेखीव असायला हवे. एखाद्या डोळ्यात ते तुटक, पुसट किंवा वेडेवाकडे दिसत असेल, तर काचेवर ओरखडा किंवा सूज आहे असा कयास बांधता येतो.

त्यानंतर अंगठ्याने खालची पापणी किंचित खाली ओढावी. आतला भाग फिकट गुलाबी असतो. तो लालभडक किंवा पाणी भरल्यासारखा फुगलेला असला, तर अस्तराला सूज आहे. नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा डोळ्यावर सरकलेला दिसला, तर ती मांजराची तिसरी पापणी होय. एकाच डोळ्यावर ती आली असेल, तर बहुधा त्या डोळ्यात दुखणे असते. दोन्हींवर आली असेल, तर जुलाब, अशक्तपणा किंवा अंगातला दुसरा आजारही कारण असू शकतो. शेवटी बाहुल्या पाहाव्यात. एकच बाहुली बारीक झाली असेल आणि त्या डोळ्याचा रंगीत भाग गढूळ किंवा तांबूस दिसत असेल, तर सूज डोळ्याच्या आत आहे. तिच्यामागे टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी, मांजरांतील ल्युकेमियाचा विषाणू किंवा कोरोना विषाणूमुळे होणारा पोटाच्या आवरणाचा आजार यांसारखी सर्वांगाची कारणे असू शकतात, त्यामुळे तिथे रक्ततपासणीला पर्याय नसतो.

कोपऱ्यात वाळलेला तपकिरी-तांबूस कण पाहून रक्त आले असे समजून घाबरू नये. मांजराच्या अश्रूंतच तसे रंगद्रव्य असते. पर्शियन मांजरांचा चेहरा चपटा असल्याने अश्रू नाकात उतरण्याऐवजी गालावर ओघळतात आणि तिथले केस कायमचे तपकिरी होतात. मात्र पर्शियन मांजराच्या कॉर्नियावर काळसर डाग दिसू लागला, तर तो मृत झालेल्या भागाचा असतो आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

कारण कोणते असावे

आमच्याकडे मार्चपासून घरोघरी वर्षाची चटणी होते आणि मिरची कांडप यंत्रांच्या आसपासची हवा तिखट होऊन जाते. मार्केट यार्डाच्या परिसरात हळदीची धूळ, तर गळीत हंगामात पेटवलेल्या पाचटाचा धूर असतो. अशा त्रासात दोन्ही डोळे एकदम लाल होतात, पाणी स्वच्छ असते, मांजर शिंकते, आणि जागा बदलली की दिवसभरात फरक पडतो. पावसाळा सरल्यावर माळावर गवत वाळू लागले की कुसळाचा धोका सुरू होतो. म्हणीतले कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात चटकन दिसते, मांजराच्या डोळ्यातले दिसत नाही. ते तिसऱ्या पापणीमागे जाऊन बसते आणि प्रत्येक उघडझापीला कॉर्निया खरवडते. एकच डोळा अचानक घट्ट मिटला असेल, तर आधी कुसळ आणि बोक्यांच्या भांडणातला नखाचा ओरखडा या दोन गोष्टी मनात आणाव्यात.

संसर्गाची गोष्ट वेगळी असते. मांजरांचा नागीण वर्गातला विषाणू पिल्लपणीच शिरतो, शिंका, ताप आणि डोळ्यांची लाली आणतो आणि बरे वाटल्यावरही चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून राहतो. मांजरावर ताण आला की साधारण आठवड्याभराने तो पुन्हा डोके वर काढतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आम्ही मांजरांसह विश्रामबागेत नातेवाइकांकडे मुक्काम हलवला होता. नव्या घरात आठवडा होतो न होतो तोच जुन्या बोक्याचा डोळा वाहू लागला. पूर, पाहुणे, फटाके, नवे मांजर यांतले काहीही पुरेसे असते. जिभेवर किंवा टाळूवर फोडही असतील, तर कॅलिसी नावाच्या दुसऱ्या विषाणूची शंका घ्यावी.

तिसरे कारण क्लॅमिडिया हा जिवाणू. माणसांत ज्याच्यामुळे खुपऱ्या होतात, त्याचा हा भाऊबंद आहे. तो बहुधा एका डोळ्यात सुरू होऊन काही दिवसांत दुसऱ्यात जातो, अस्तर फुग्यासारखे सुजवतो आणि शिंका मात्र फारशा आणत नाही. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर माणसांना डोळ्यांची साथ आली, तेव्हा अनेकांनी मांजराला दोष दिला. पण ती साथ माणसांच्या विषाणूंची होती. मांजराचा क्लॅमिडिया माणसाला क्वचित होऊ शकतो, म्हणून थेंब घातल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढी खबरदारी पुरते.

त्याच दिवशी दवाखाना

डोळा घट्ट मिटलेला असणे, त्यावर निळसर किंवा पांढरा ढग येणे, आत रक्त दिसणे, बाहुल्या लहान-मोठ्या होणे, डोळा मोठा किंवा बाहेर आल्यासारखा दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर उद्यावर टाकू नये. दहाबारा वर्षांचे मांजर अचानक भिंतीला धडकू लागले आणि त्याच्या बाहुल्या उजेडातही विस्फारलेल्या राहिल्या, तर बहुधा रक्तदाब वाढून दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, सुटलेले असते, आणि मूळ दुखणे पुष्कळदा मूत्रपिंडांत सापडते. पिल्लांचे डोळे जन्मानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत उघडतात. त्याआधी मिटलेल्या पापणीखाली फुगवटा दिसला, तर आत पू साठलेला असतो आणि तो पशुवैद्याकडूनच मोकळा करून घ्यावा लागतो.

पानाच्या डबीतला चुना डोळ्यात गेला असेल, तर दवाखान्याकडे धावण्याआधी घरीच स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने 15-20 मिनिटे डोळा धुवत राहावे आणि मग निघावे. चुना कॉर्निया आतपर्यंत जाळत जातो. जिल्हा परिषदेच्या गुरांच्या दवाखान्यात मांजरही तपासतात. गुंतागुंतीच्या डोळ्यासाठी सातारा जिल्ह्यात शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय पुण्याच्या वाटेवरच आहे.

घरी काय करावे, काय करू नये

औषध दुकानातून नॉर्मल सलाइनची लहान बाटली आणावी. ती उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावी आणि वापरण्याआधी वाटीत थोडे काढून त्याची थंडी जाऊ द्यावी. कापसाचा ओला बोळा चिकटलेल्या पापणीवर दोन-तीन मिनिटे नुसता धरावा, म्हणजे खपली मऊ होते. ती ओढून काढू नये. मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसून बोळा टाकून द्यावा. दुसऱ्या डोळ्यासाठी नवा बोळा घ्यावा.

हळदीच्या गावात हे लिहिणे थोडे धाडसाचे आहे, तरी लिहितो: मांजराच्या डोळ्यात हळदीचे पाणी घालू नये. तूप, मध, गुलाबपाणी, एरंडेल, चहाचे पाणी आणि काजळ यांनाही तोच नियम लागू आहे. दुखते आहे म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये. मांजराचे यकृत ते पचवू शकत नाही आणि अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. एन्रोफ्लॉक्सासिन हे गुरांच्या दवाखान्यातले नेहमीचे प्रतिजैविक मांजराला किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त झाले, तर ते दृष्टिपटल निकामी करू शकते. ते लिहून दिले असेल, तर मांजराचे वजन काट्यावर केले आहे ना, हे नम्रपणे विचारावे.

थेंब घालताना जमिनीवर मांडी घालून बसावे, मांजराला टॉवेलात गुंडाळावे आणि त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवावी, म्हणजे त्याला मागे सरकता येत नाही. हनुवटी वर उचलून बाटली डोक्याच्या मागून आणावी. समोरून येणारी बाटली दिसली की निम्मी लढाई हरलेली असते. टोक डोळ्याला लागू देऊ नये. दोन औषधे असतील, तर त्यांत 5 ते 10 मिनिटांचे अंतर ठेवावे, आणि आधी थेंब व नंतर तांदळाच्या दाण्याएवढे मलम असा क्रम पाळावा. ॲट्रोपिनचे थेंब घातल्यावर मांजराच्या तोंडाला फेस येतो. ते औषध कडू असते आणि अश्रूंबरोबर घशात उतरते, एवढेच त्याचे कारण. मांजर पंजाने डोळा खाजवत असेल, तर पंजा डोळ्यापर्यंत पोहोचू न देणारी शंकूच्या आकाराची गळपट्टी घालावी, मग ते कितीही रुसले तरी.

क्लॅमिडियासाठी पशुवैद्य बहुधा पोटातून डॉक्सिसायक्लिन देतात आणि ते तीन-चार आठवडे चालते. डोळा आठवड्यात स्वच्छ दिसला तरी मध्येच सोडू नये, आणि घरात इतर मांजरे असतील तर त्यांनाही एकाच वेळी द्यावे लागते. ही गोळी कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते, म्हणून लगेच सिरिंजने 5-6 मिलिलीटर पाणी पाजावे. नागीण वर्गातल्या विषाणूच्या जखमेसाठी फॅमसायक्लोविर दिले जाते. माणसांची असायक्लोविरची गोळी मांजराला विषारी ठरते. लायसिन या अमिनो आम्लाच्या पुड्यांची शिफारस अजूनही ऐकू येते, पण अभ्यासांत त्यांचा उपयोग दिसलेला नाही. ते पैसे वाचवावेत.

नाक चोंदले की मांजराला वास येत नाही आणि ते ताटलीकडे पाठ फिरवते. अशा वेळी खाणे कोमट करून द्यावे, वरून सुकटीचे चिमूटभर चूर्ण टाकावे. दोन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ, मांजराच्या यकृतावर चरबी चढू लागते.

आजारी मांजराची ताटली, अंथरूण आणि खोली वेगळी ठेवावी. फरशी फिनेलने पुसू नये, कारण त्यातले फिनॉल पंजांवरून चाटण्यात जाते आणि मांजराला बाधते. घरगुती ब्लीचच्या एका भागात 32 भाग पाणी मिसळून पुसावे, फरशी वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवावे. पिल्लांना 6 ते 8 आठवड्यांपासून, 16 आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिहेरी लस (नागीण वर्गातला विषाणू, कॅलिसी आणि पॅनल्युकोपेनिया यांविरुद्धची) द्यावी. ती संसर्ग पूर्ण रोखत नाही, पण आजार सौम्य करते आणि डोळा जाण्याची वेळ सहसा येत नाही.

जखम असेल, तर डॉक्टर हिरवी तपासणी काही दिवसांनी पुन्हा करतात, आणि डाग उरला नाही असे त्यांनी सांगेपर्यंत थेंब चालू ठेवावेत. बाटली उघडताच तिच्यावर पेनाने तारीख घालावी आणि चार आठवडे झाले की, निम्मी शिल्लक असली तरी, फेकून द्यावी. वडिलांची ती बाटली आमच्या फ्रिजच्या दारात सात महिने पडून होती.