सेव्ह करता करता ईमॅक्सकडून झाडलोट

ओळीच्या शेवटी राहिलेल्या फुकटच्या स्पेस माझ्या डोळ्यांत खुपतात. त्या हाताने पुसत बसण्यापेक्षा ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या हुकला कामाला लावा. हुक म्हणजे ठरावीक घटना घडली की चालवायच्या फंक्शनांची यादी.

'बिफोर-सेव्ह-हुक'मध्ये 'ॲड-हुक'ने 'डिलीट-ट्रेलिंग-व्हाइटस्पेस' घातलं, की फाइल डिस्कवर जायच्या आधीच सफाई होते. पण हे सरसकट लावू नका. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर सजवायच्या पद्धतीत, ओळीच्या शेवटच्या दोन स्पेस म्हणजे नवी ओळ. त्या गेल्या की कवितेचा परिच्छेद झालाच म्हणून समजा. म्हणून मी ही जोडणी 'प्रोग-मोड-हुक'मधल्या (हा कोडची फाइल उघडली की चालतो) फंक्शनातून करते आणि 'ॲड-हुक'ला तिसरं आर्ग्युमेंट 'निल', चौथं 'टी' देते. मग ती त्या बफरपुरतीच, म्हणजे उघडलेल्या त्या फाइलपुरतीच राहते.

आणि हुकमध्ये लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, कोंबू नका, फंक्शनला नाव द्या. लॅम्डा बदलून पुन्हा चालवला की जुनाही यादीत ठाण मांडून बसतो. नाव असेल तर 'रिमूव्ह-हुक'ने एका ओळीत काम होतं.

शेल स्क्रिप्ट लिहीत असाल तर 'आफ्टर-सेव्ह-हुक'मध्ये 'एक्झिक्युटेबल-मेक-बफर-फाइल-एक्झिक्युटेबल-इफ-स्क्रिप्ट-पी' घाला. नाव मारुतीच्या शेपटीएवढं, पण फाइलच्या सुरुवातीला शेबँग ('#!'ने सुरू होणारी ओळ) दिसला की चालवायची परवानगी आपोआप लागते, त्यासाठीची 'सीएचमॉड' कमांड टाइप करायला नको.