डीप सँड बेड लावताय? वाळू ओतण्याआधी या चुका टाळा

रीफ टँकमधल्या, म्हणजे कोरल पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या, बहुतेक चुका लगेच बोलतात. पाण्यातलं मीठ बिघडलं की कोरल मिटून बसतात, हीटर अडकला की मासे सांगतात. वाळूचं तसं नाही. डीप सँड बेड, म्हणजे टँकच्या तळाशी वाळूचा जाड थर, लावताना केलेली गफलत वर्षा-दोन वर्षांनी वर येते, आणि तोवर तिच्यावर दगड रचलेले असतात, कोरल वाढलेले असतात. दुरुस्ती करायची तर सगळा संसार हलवावा लागतो. म्हणून निम्म्याहून अधिक निर्णय टँक कोरडा असतानाच नीट घ्यायला हवेत.

मधलीच जाडी

सर्रास दिसणारी चूक ही. दोन-तीन सेंटिमीटर वाळू शोभेची असते. ती सायफनने (पाण्यासोबत घाण ओढणाऱ्या नळीने) साफ करता येते. 10 ते 15 सेंटिमीटर वाळू मात्र फिल्टरचं काम करते. वरच्या थरात ऑक्सिजन असतो, तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. खाली ऑक्सिजन संपत जातो, तिथले जिवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू मोकळा करतात. 6-7 सेंटिमीटरचा थर ना धड इकडचा ना तिकडचा: सायफनने साफ करायला जाड, नायट्रेटच्या कामासाठी भरवसा न देणारा.

‘आत्ता थोडी टाकू, मग वाढवू’ हा विचारही महागात पडतो. वस्ती झालेल्या वाळूवर एकदम पाच सेंटिमीटर नवी वाळू ओतली की खालचे जीव गाडले जातात. वाढवायचीच असेल तर एका वेळी सेंटिमीटरभर, आणि मध्ये काही आठवडे जाऊ द्या.

वजनाचा हिशेबही आधीच करा. 90 बाय 45 सेंटिमीटर तळाच्या टँकमध्ये 12 सेंटिमीटर थर म्हणजे जवळपास 49 लिटर वाळू. लिटरला दीड किलो धरलं तर सत्तर किलोच्या वर. ती पाण्याची जागा घेते हे खरं, तरी स्टँडवर चाळीस-पंचेचाळीस किलो जादा भार येतोच. शिवाय टँकमधलं पाणी पंचवीसेक लिटरने घटतं. कॅल्शियम किंवा औषधाचा डोस टँकवर लिहिलेल्या लिटरवरून काढणारे इथे फसतात.

आणखी दोन चुका: जाड दाणा, आधी वाळू आणि मग दगड

दाणा साधारण 0.2 ते 1 मिलिमीटरचा हवा. तीन-चार मिलिमीटरचा कोरलचा चुरा दिसायला छान, पण त्याच्या फटींतून उरलेलं अन्न आणि विष्ठा थेट खाली उतरते आणि तिथेच साचते. बारीक वाळूत ही घाण वरच राहते, किड्यांच्या तोंडी लागते. ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची वाळू) घेतलं तर खालच्या आम्लधर्मी थरात ते हळूहळू विरघळून थोडं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्ल शमवण्याची पाण्याची ताकद) देतं. ‘थोडं’ हा शब्द लक्षात ठेवा. स्टोनी (कठीण सांगाड्याचे) कोरल भरले की तेवढ्याने भागत नाही, त्यामुळे केएच (अल्कलिनिटीचं माप) मोजणं सोडू नका.

दगड आधी, थेट तळाच्या काचेवर किंवा पीव्हीसीच्या पायांवर. वाळू नंतर, त्यांच्या भोवतीने. वाळूवर टेकवलेल्या दगडाखाली पिस्तूल श्रिंप ही कोळंबी बीळ करते आणि एका रात्री अख्खी रचना कलते. सुकी वाळू धुऊन घ्या, पण लाइव्ह सँड (जिवाणू असलेली जिवंत वाळू) नळाखाली धरू नका. चालू टँकमध्ये टाकायची असेल तर पीव्हीसीचा पाइप तळापर्यंत नेऊन त्यातून सोडा, आणि गढूळपणा बसायला एक-दोन दिवस द्या.

वाळू साफ करणारे पाहुणे

यावर माझं मत ठाम आहे: डायमंड गोबी मासा आणि सँड सिफ्टिंग (वाळू चाळणारा) स्टारफिश यांना डीप सँड बेडमध्ये जागा नाही. वरची वाळू पांढरीशुभ्र दिसते, म्हणून लोक हौसेने आणतात. पण हे जीव वाळू झाडत नाहीत, वाळूतली वस्ती खातात. कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड (कोळंबीच्या जातकुळीचे इवलेसे जीव), बारीक किडे हीच तर या फिल्टरची खरी यंत्रणा. त्यांच्या वळवळीने पाणी दाण्यांमधून फिरतं, घाणीचे तुकडे होतात, थर घट्ट होत नाही. वस्ती संपली की घरगुती टँकमधला स्टारफिश उपासमारीने काही महिन्यांत झिजतो, आणि कुजतो तोही त्याच वाळूत. शुभ्र वाळूच हवी असेल तर पातळ थर ठेवा आणि गोबी पाळा. त्यात कमीपणा काही नाही.

इथे कामाच्या आहेत नॅसॅरियस आणि सेरिथ गोगलगायी, छोटे ब्रिटल स्टार, ब्रिसल वर्म, स्पॅगेटी वर्म. अन्न टाकताच नॅसॅरियसची सोंड वाळूतून वर येते आणि पाठोपाठ अख्खी गोगलगाय बाहेर पडते. हे दिसत असेल तर वरचा थर जिवंत आहे. जुन्या, निरोगी टँकमधली ओंजळभर वाळू विरजणासारखी वापरा. मात्र त्या टँकमध्ये कधी तांब्याचं औषध घातलं होतं का, हे आधी विचारा. तांबं वाळूत धरून राहतं आणि बिनकण्याच्या जिवांना मारतं. किडे खाणारे रास मासे पहिले काही महिने लांबच ठेवा.

काहीतरी बिघडल्यासारखं दिसतंय

काचेला लागून हिरवे, तपकिरी, जांभळट पट्टे दिसले की नवखे घाबरतात. काचेतून उजेड आत जातो म्हणून तिथे शेवाळ धरतं. आतल्या वाळूत तसं असेलच असं नाही. वाळूच्या उंचीएवढी काळी पट्टी बाहेरून लावली की प्रश्न मिटतो. खोलवरचे काळे डाग हे बहुधा आयर्न सल्फाइडचे. ते तळाशी असतील तर राहू द्या. काळेपणा पृष्ठभागाकडे सरकत असेल तर मात्र वर घाण साचते आहे: खाणं कमी करा, प्रवाहाची दिशा बदला.

सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. अशा वेळी काडीने ढवळून ‘वायू मोकळा करणं’ ही सगळ्यात वाईट कल्पना. एअर स्टोन लावा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) जोरात चालू ठेवा, ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, थोडं पाणी बदला. मासे धापा टाकत असतील तर त्यांना दुसऱ्या पाण्यात हलवा.

वाळू ढेकळांसारखी घट्ट झाली असेल तर अल्कलिनिटी आणि कॅल्शियमचा डोस तपासा. जादा डोसमुळे कार्बोनेट दाण्यांवर बसतं. वरचे एक-दोन सेंटिमीटर बोटांनी हलके फोडा, त्याखाली जाऊ नका. पॉवरहेडमुळे (पाणी फिरवणाऱ्या पंपामुळे) खड्डा पडून वाळू कोरलवर उडत असेल तर त्याचं तोंड वर करा.

नायट्रेट उतरत नसेल तर आधी बेडचं वय बघा. काही महिने लागतातच. त्यानंतरही आकडा हलत नसेल तर मासे किती आणि खाणं किती हे तपासा, वाळूला दोष नंतर द्या.

वीज गेल्यावर हा थर ऑक्सिजन ओढतच राहतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप आधीच घेऊन ठेवा.

फॉस्फेट मात्र वायू होऊन उडून जात नाही. ते ॲरागोनाइटला चिकटून साचतं आणि काही वर्षांनी परत पाण्यात येऊ लागतं. स्किमर आणि पाणी बदलणं त्यासाठीच चालू ठेवायचं. लहान टँक असेल तर मी वाळू सरळ वेगळ्या बादलीत घालून सम्पशी (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीशी) जोडेन. बिघडली तर पाइप बंद करून ती बाजूला काढता येते. मुख्य टँकमधला जुना बेड काढायची वेळ आलीच, तर जनावरं दुसरीकडे हलवूनच काढा. ते शक्य नसेल तर एका वेळी फार तर पाव भाग, पाणी आतच ढवळू न देता, आणि पुढच्या भागाला हात लावण्याआधी काही आठवडे रोज अमोनिया तपासत राहा.